दुरून डोंगर साजरे, जवळ गेल्यावर?

प्रिय धाकटे,

तुझं पत्र आणि सोबतचा तुमच्या गेमचा बिल्ड (म्हणजे खेळून बघण्याजोगी कच्ची आवृत्ती), दोन्ही मिळालं. पत्र आधी वाचलं, कारण त्यात भांडण होतं आणि दुसऱ्यांची भांडणं वाचायला मला मनापासून आवडतं. तुझ्या जोडीदाराचं म्हणणं, मॅप मोठा हवा आणि खच्चून भरलेला हवा. तुझं म्हणणं, कुठे जायचं ते दाखवणारे मार्कर सगळे काढून टाका, लोकांना हरवू द्या, खरी मजा त्यातच आहे. आणि दादाने आता पंच होऊन निकाल द्यायचा.

निकाल देत नाही. तुम्ही दोघंही थोडे थोडे बरोबर आहात आणि दोघंही भलत्याच गोष्टीवरून भांडताय. "तिकडे काय असेल?" हा प्रश्न कुणाला पडतोय, एवढं आधी बघा. खेळणाऱ्याला पडला तर तो भटकतो. गेमनेच त्याच्या वतीने विचारून ठेवला असेल तर तो नुसता हजेरी लावून येतो.

आकाराचा मुद्दा पटकन उरकतो. 1984 साली 'एलिट' आला तेव्हा 32 किलोबाइट मेमरीच्या बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर त्यात आठ आकाशगंगा होत्या, एकेकीत 256 ग्रहमाला. एवढं सगळं साठवायला जागाच नव्हती, ते सूत्रातून आयत्या वेळी तयार व्हायचं. 2016 च्या 'नो मॅन्स स्काय'ने तोच विचार 2 च्या 64 व्या घातापर्यंत नेला, म्हणजे अठरावर अठरा शून्यं इतके ग्रह. सुरुवातीला लोक चिडले. चिडण्याची कारणं बरीच होती, पण माझ्यापुरतं सांगायचं तर दहाव्या ग्रहावर उतरतानाच अकरावा कसा असेल याचा अंदाज यायला लागला होता. पुढे त्या टीमने वर्षानुवर्षं भर घालून गेम सावरला. ग्रहांची संख्या मात्र पहिल्या दिवसापासून अफाटच होती.

उलट उदाहरण 'सॅन अँड्रियास'चं. 2004 चा गेम, तीन शहरं, मध्ये वाळवंट, जंगल, एक उंच डोंगर. तेव्हाच्या यंत्राला फार लांबचं दाखवणं जमत नव्हतं, म्हणून दूरवर धुकं असायचं. त्या धुक्यात रस्ता नाहीसा व्हायचा आणि एका शहरातून दुसऱ्यात जाणं हा खरोखरचा प्रवास वाटायचा. 2021 मध्ये नव्या रूपात गेम आला तेव्हा ते धुकं उडालं. डोंगरावर चढून पाहिलं तर एकमेकांना खेटलेली शहरं एका नजरेत मावायला लागली. मॅप तसूभरही लहान झाला नव्हता. तेव्हा तुझ्या जोडीदाराला सांग, मोठेपणा चौरस किलोमीटरमध्ये मोजू नकोस. काय दिसतंय आणि काय लपलंय, त्यावर तो ठरतो.

आता लपवण्याविषयी जरा सविस्तर, कारण तुझ्या बिल्डची खरी अडचण तिथेच आहे.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (2017) करणाऱ्यांनी त्याच वर्षी जपानमधल्या गेम बनवणाऱ्यांच्या सेडेक परिषदेत त्यांची एक पद्धत सांगितली होती. सगळा भूभाग त्यांनी त्रिकोणांनी रचला. मोठा त्रिकोण म्हणजे लांबून ओळखू येणारा डोंगर, मधला म्हणजे नजर अडवणारी टेकडी, छोटा म्हणजे चालण्याची लय बदलणारा एखादा खडक. त्रिकोणाचं वैशिष्ट्य असं की तो समोर आला की तुला ठरवावं लागतं: चढून जाऊ की वळसा घालू? आणि काहीही ठरवलंस तरी त्याच्यामागची वस्तू एकदम समोर येत नाही, हळूहळू डोकावते. आधी टोक, मग छप्पर, मग धूर. भिंतीमागे लपवलेली वस्तू अशी डोकावत नाही. ती एकतर नसते किंवा असते.

हे लक्षात ठेवून तो गेम पुन्हा खेळ आणि चढताना स्वतःच्या हाताकडे लक्ष दे. कड्याच्या मध्यावर दमाचं हिरवं वर्तुळ संपत आलंय, वर एक बोटभर कंगोरा दिसतोय, तिथपर्यंत पोचलो तर जरा टेकता येईल. तेवढ्यात पाऊस. हात सटकतो आणि तू चार हात खाली येतेस. शिव्या घालतेस, पण मॅप उघडत नाहीस. तो कडा कुणी तुला चढायला सांगितलेला नसतो. तो हट्ट तुझा असतो, म्हणून तो पाऊससुद्धा तुझा.

(त्या गेममध्ये कोरोक नावाच्या चिमुकल्या वनजीवांची 900 बीजं लपवलेली आहेत. सगळी गोळा करणाऱ्याला बक्षीस म्हणून जे सोनेरी चक्राकार काहीतरी मिळतं, ते शेणाच्या पोसारखं दिसतं. मी त्याचा अर्थ असा घेतो की करणारे गालात हसत सांगताहेत: अरे, सगळी कुणी गोळा करायला सांगितली होती?)

आता माझी एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गेमसाठी मी एक टेकडी केली होती. माथा फार ओका दिसत होता म्हणून तिथे एक झोपडी ठेवली आणि खिडकीत कंदील लावला. शोभेसाठी, बाकी काही नाही. चाचणीला लोक आले, मी मागे उभा राहून बघत होतो. रात्र झाली, कंदील लुकलुकला आणि हातातलं काम सोडून एकेक जण टेकडी चढायला लागला. मी मनातून खूश. आत काय होतं? खाट, टेबल, चार भिंती. त्यातला एक मुलगा तर झोपडीभोवती तीन वेळा फिरला, खाटेवर उड्या मारल्या, भिंतीवर तलवार घासून पाहिली, कंदील उचलता येतो का पाहिलं. मग त्याने मॅप उघडला, सगळ्यात जवळचं चिन्ह निवडलं आणि त्यानंतरचा पाऊण तास तो फक्त चिन्हांवरून चिन्हांवर जात राहिला. वाटेत मी जीव ओतून केलेला धबधबा होता. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत उपाय निघाला: झोपडीत पेटी ठेवा, पेटीत तलवार. मी अडून बसलो. आम्ही टेबलावर दोन ताटल्या मांडल्या, एक स्वच्छ आणि एक खरकटी, आणि मागच्या भिंतीला एक खिडकी पाडली. तिच्यातून खाली किनाऱ्यावर अर्धी वाळूत रुतलेली होडी दिसायची. पुढच्या चाचणीत लूट म्हणून कुणाच्या हाती काहीच लागलं नाही, आणि जवळजवळ सगळे होडीकडे गेले. दुरून साजरा दिसणारा डोंगर जवळूनही साजरा असायलाच हवा असं नाही. तिथून पुढचा डोंगर दिसला तरी पुष्कळ आहे.

हे टोकाला नेलेलं बघायचं असेल तर 'आउटर वाइल्ड्स' (2019) खेळ. अख्खी सूर्यमाला, पण ग्रह इतके चिमुकले की काहींना पायी फेरी मारता येते. 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तू पुन्हा पहिल्या जागी जागी होतेस. नवं हत्यार नाही, वाढणारी ताकद नाही. गाठीला राहतं ते फक्त कळलेलं, यानातल्या नोंदींमध्ये आणि तुझ्या डोक्यात. तुझ्या जोडीदाराला हा गेम भेट दे. त्याला कदाचित आवडणार नाही, पण भांडणाची पातळी सुधारेल.

आता तुझ्याकडे वळतो. मार्कर काढून टाकले की शोध आपोआप सुरू होतो, हा तुझा भ्रम आहे. तू 'मोरोविंड'चं (2002) उदाहरण दिलंस. बरोबर आहे, तिथे बाण नव्हता. माणसं तोंडी पत्ता सांगायची, तो वहीत उतरायचा, मग तू खुणा शोधत निघायचीस. पण काही पत्ते चक्क चुकीचे होते हे सोयीस्करपणे विसरू नकोस. मी एका गुहेसाठी अख्खी संध्याकाळ राखाडी टेकड्यांत वणवण केली आहे. आज ती आठवण गोड वाटते. त्या संध्याकाळी मी फक्त वैतागलो होतो. चार वर्षांनी 'ऑब्लिव्हियन'ने कंपासवर बाण आणला तेव्हा सुटकेचा नि:श्वास टाकणाऱ्यांत मीही होतो. आणि पुढच्या काही आठवड्यांत माझी नजर त्या पट्टीवरून हटेना, तेव्हा काय गमावलं तेही कळलं.

तेव्हा मार्कर असावा की नसावा, यापेक्षा तो किती बोलतो ते बघ. 'एल्डन रिंग'मध्ये (2022) विश्रांतीच्या जागेवरून एक सोनेरी किरण निघतो. तो दिशा सांगतो, वाट सांगत नाही. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये (2020) वारा वाहतो आणि गवत त्या बाजूला झुकतं, म्हणजे रस्ता बघायलाही नजर जमिनीवरच ठेवावी लागते. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मधला मनोरा चढलीस तर भूभागाचा नकाशा मिळतो, पण तो आयकॉनने भरून येत नाही. दुर्बिणीतून बघून खुणा तूच रोवायच्या. ठिपका तोच, पण रोवणारा हात बदलला की त्याच्याशी आपलं नातं बदलतं.

आणि 'विचर 3' (2015) बघ. मला अतिशय आवडणारा गेम, म्हणून हक्काने बोलतो. स्केलिगे बेटांच्या समुद्रात, मॅपवर, प्रश्नचिन्हांची रांगोळी घातलेली आहे. होडी हाकत जा, तरंगती पिंपं शोध, बुडी मारून पेटी उघड, पुढच्या चिन्हाकडे चल. प्रश्नचिन्हं ढिगाने, आणि प्रश्न एकही पडत नाही. त्याच गेममध्ये गावातल्या फळ्यावरची एक साधी नोटीस तुला अशा घरात नेऊन सोडते की तासाभराने बाहेर पडताना तू गप्प झालेली असतेस.

एक दृश्य मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'एल्डन रिंग'च्या सुरुवातीच्या प्रदेशात, धुक्याच्या रानात, एक गोल दगडी बांधकाम आहे. आत लिफ्ट. उभी राहिलीस की ती खाली जाते. जात राहते. एवढा वेळ जाते की गेम अडकला की काय असं वाटावं. आणि मग, जमिनीच्या पोटात, वर चांदण्या. तोपर्यंत मॅपने असं काही आहे याचा सुगावाही लागू दिलेला नसतो. मी त्या रात्री कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत बसलो होतो. विहिरीसारखी दिसणारी ती जागा मला कुणी दाखवली असती तर मी लिफ्टमधून उतरलो असतो, चांदण्या पाहिल्या असत्या आणि "छान आहे" म्हणालो असतो.

रिकाम्या जागेवरून तुमचं जे वाजलं आहे, त्यात मी तुझ्या बाजूचा. 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये (2005) सोळा महाकाय सोडले तर लढायला कुणी नाही. घोडा, माळ, वारा, एखादा सरडा. पण तो माळ रिकामा ठेवलेला आहे, राहून गेलेला नाही, आणि हे खेळताना कळतं. तुझा दक्षिणेचा माळ राहून गेलेला आहे. राग मानू नकोस.

फास्ट ट्रॅव्हलवर (बटण दाबून थेट दूरच्या जागी पोचण्याच्या सोयीवर) तू दोन पानं लिहिली आहेस. मी दोन ओळी लिहितो. तो ठेवा. लोकांना तो सारखा वापरावासा वाटायला लागला, तर त्यात चूक बटणाची नसते, तुमचा रस्ता कंटाळवाणा असतो. 'सबनॉटिका'मध्ये (2018) सुरुवातीला पाण्याखाली जेमतेम 45 सेकंद श्वास पुरतो. मॅपही नाही. तरी तिथला प्रत्येक हात-दोन हात खोल जाणं आठवतं, कारण परत वर यायचं असतं.

आणखी एक. हा वाद तुम्ही शोधून काढलेला नाही. 1989-90 मध्ये रिचर्ड बार्टल आणि त्याने घडवलेल्या 'मड' (MUD) या अनेकांनी मिळून खेळायच्या, नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या गेमचे जुनेजाणते खेळाडू, लोकांना या खेळातून नक्की हवं तरी काय, यावर महिनोन्महिने वाद घालत होते. त्या वादातून बार्टलने पुढे 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, शोधणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्याला छळणारे. मला ही विभागणी पुरेशी वाटत नाही, माणूस सोमवारी एक असतो आणि रविवारी दुसरा. दिवसभर डोकं पिकवून आलेल्या माणसाला यादीतली कामं एकेक करून खोडण्यात खरंच विसावा मिळतो, त्याला नाक मुरडू नकोस. पण एवढं घे की तुझा जोडीदार जेव्हा "मजा" म्हणतो तेव्हा तो हातात काय आलं याबद्दल बोलत असतो, आणि तू बोलतेस ती पाय कुठे वळले याबद्दल. शब्द एकच असल्यामुळे तुम्ही रात्री दोनपर्यंत जागता.

म्हणून पुढचं भांडण तोंडाने करू नका. त्याला तुमचाच गेम खेळायला बसव, स्क्रीनवरचं सगळं लटांबर बंद कर आणि शेजारी वही घेऊन बस. बोलायचं नाही, सुचवायचं नाही, "तिकडे बघ ना" तर अजिबात नाही. तो जिथे जिथे वाट सोडेल ती जागा लिही. सोडण्याच्या आधी त्याला काय दिसलं ते लिही. पोचल्यावर त्याच्या तोंडून काय निघालं ते शब्दशः लिही. मग तू खेळ, त्याला वही दे. दोन तासांत जे कळेल ते माझ्या दहा पत्रांत मिळायचं नाही.

आता बिल्ड. पहिल्याच टेकडीवर उभं राहिलं की सात मनोरे दिसतात, सातही एकाच उंचीचे, एकाच रंगाचे. मी मिनिटभर नुसता गोल फिरलो आणि मग नाइलाजाने मॅप उघडला. चार पाडा. उरलेल्या तिनांपैकी एक टेकडीमागे अर्धा लपव, एक पडका कर. माळाचं वर बोललोच.

आणि उत्तरेला नदीचं एक वळण आहे बघ, जिथे पाण्यात एक तुटलेलं वल्हं वाहत येतं. ते तुझ्या नजरेतून सुटलं असेल, कारण पत्रात त्याचा उल्लेखही नाही. मी वल्हं बघून प्रवाहाच्या उलट निघालो, काठाकाठाने बराच वर गेलो आणि जग संपलं. पुढे जमीनच केलेली नाही. वरच्या अंगाला काय ठरवलं आहे ते पत्रात लिहू नकोस. तेवढं करून बिल्ड पाठव.

तुझा,
दादा