पहिलं झाड घेण्याआधी खिडकी बघ

हे बघ, एकदम दहा कुंड्या नको आणूस. आधी दोन-चार दिवस घरात ऊन कुठे आणि किती वेळ येतं ते बघ, कारण मुंबईत खिडकी मोठी असली तरी समोरची बिल्डिंग उजेड अडवतेच बऱ्याचदा. मनी प्लांट नाहीतर स्नेक प्लांट घे, कमी उजेडात तग धरतात.

नर्सरीत पानं उलटी करून बघ, देठाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर ती मिलीबग नावाची कीड, ते झाड तिथेच राहू दे. घरी आणल्या आणल्या कुंडी बदलू नको, आठवडा-दोन आठवडे रुळू दे, मग कुंडी बदलताना नर्सरीच्या त्या चिकट लाल मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट मिसळ.

आणि पाणी! माझी पहिली तीन झाडं जुलैमध्ये कुजली, बाहेर धो धो पाऊस, हवा दमट, माती सुकतच नव्हती आणि मी रोज सकाळी नेमाने तांब्याभर ओतत होते, खूप वाईट वाटलं होतं गं तेव्हा. बोट दोन पेरं मातीत घाल, ओलं लागलं तर पाणी नको. स्नेक प्लांटला पावसाळ्यात पंधरा दिवस नाही घातलं तरी चालतं. कुंडीखालच्या बशीतलं पाणी मात्र लगेच ओतून टाक, डेंग्यूचे डास असल्याच साचलेल्या पाण्यात वाढतात.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन लागतं ना, ते चुकवू नकोस, तिथे माळीकाकांना बिनधास्त विचार, खूप प्रेमाने सांगतात.