पुस्तकवेड्यांच्या विचित्र सवयी कोणत्या? माझे यजमान जुनी पुस्तकं फ्रीजरमध्ये ठेवतात, हे बरं आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका दमात देतो. आम्ही पुस्तक उघडून आधी वास घेतो. कुणाकडे गेलो की चहाआधी कपाट बघतो, तेही मान दोन्ही बाजूंना वाकडी करून, कारण कण्यावरचं नाव कुणी वरून खाली छापतं, कुणी खालून वर. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेतो, एक मागणाऱ्याला द्यायला आणि एक 'नाहीये हो' म्हणायला. झालं.

आता फ्रीजर. ताई, यजमानांचं बरोबर आहे. याला वेडेपणा म्हणणाऱ्यांनी आधी पुस्तकाच्या पोटात बघावं.

पुण्याचा अप्पा बळवंत चौक, मुंबईचं फाउंटन, कोपऱ्यावरचा रद्दीवाला, पुस्तक कुठूनही आणा, सोबत बिनभाड्याचे पाहुणे येऊ शकतात. पुठ्ठा वरवर खरवडल्यासारखा दिसला, कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या असल्या, तर ती कसर. तिला खळीतलं पीठ हवं असतं, म्हणून ती बांधणीकडे आधी वळते. मजकुराशी तिला देणंघेणं नसतं, काही समीक्षकांसारखंच. (जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी.) पण टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं पानांतून आरपार गेली असतील आणि पुस्तक टेबलावर आपटल्यावर बारीक भुसा पडत असेल, तर आत भुंग्याच्या अळ्या आहेत. असं पुस्तक थेट कपाटात ठेवलं की शेजारच्या पुस्तकांनाही लागण झालीच म्हणून समजा.

कडक थंडीत हे किडे आणि अळ्या मरतात, म्हणून फ्रीजर. आधी दोन दिवस पंख्याखाली ठेवून पुस्तक कोरडं करायचं. मग जाड झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढायची आणि तोंडावर चिकटपट्टी मारायची. उणे 18 अंश किंवा त्याहून खाली, पूर्ण दोन आठवडे. एका वेळी दोन-तीनच पुस्तकं ठेवा. फ्रीजर ठासून भरला तर ती हळूहळू गार होतात आणि हळू गारठलेले किडे थंडीला सरावतात. दोन पुस्तकांमध्ये फट ठेवा.

सगळे चुकतात ते बाहेर काढताना. पिशवी लगेच उघडायची नाही. गार पुस्तकावर पावसाळी हवेतली वाफ दवासारखी बसते, पानं फुगतात आणि किडे मारून बुरशी पाळल्यासारखं होतं. बंद पिशवी 24 तास खोलीत तशीच राहू द्या. मग उघडून मऊ ब्रशने भुसा झाडा, पुस्तक महिनाभर पांढऱ्या कागदावर वेगळं ठेवा. कागदावर पुन्हा भुसा दिसला तर पुन्हा फ्रीजर.

आता घरोघरीची ज्येष्ठ मंडळी म्हणतील, एवढं कशाला, गच्चीत उन्हात टाका. या सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे. उन्हाने कागदातलं लिग्निन (लाकडातून आलेला घटक) पिवळं पडतं, मुखपृष्ठाचा रंग उडतो, कण्याचा गोंद वाळून तडकतो आणि पुठ्ठा पापडासारखा वळतो. अळी मात्र आतल्या पानांच्या सावलीत सुखरूप. दमट पुस्तकाला सावली आणि वारा लागतो, ऊन नाही. डांबरगोळ्यांची वाफ झोपायच्या खोलीत घेऊ नये, लहान मूल असेल तर मुळीच नाही. कडुनिंबाचा ओला पाला तर स्वतःचीच ओल घेऊन येतो.

हे आधी सांगायला हवं होतं: एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर भरवसा ठेवू नका, तो पुरेसा गार होतोच असं नाही. बुरशी फ्रीजरमध्ये मरत नाही, फक्त झोपते. तिला रोखायला खोलीतली आर्द्रता 65 टक्क्यांखाली आणावी लागते आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं लागतं. चामड्याची बांधणी किंवा फोटो चिकटवलेले अल्बम फ्रीजरमध्ये घालू नका. वाळवी असेल तर पुस्तक गारठवून उपयोग नाही, ती भिंतीतून येते.

आणि यजमानांना पिशवीवर तारीख लिहायला सांगा. नाहीतर खवलेल्या खोबऱ्याला जागा करताना पुस्तक कधीपासून आत आहे यावर वाद होतो, आणि खोबरं जिंकतं.