पीएसएचा आकडा आणि मामांची दुर्बीण

प्रश्न : ताई, माझे वडील ६९ वर्षांचे आहेत. नेहमीच्या रक्ततपासणीत त्यांचा पीएसए ६.८ आला आणि तेव्हापासून घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. त्यांना लघवीचा संसर्गही झालाय. डॉक्टर म्हणतात, तो आधी बरा करू, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू. इतकं थांबायचं का? दुसरं मामांचं. त्यांच्या मूत्राशयातली गाठ दोन वर्षांपूर्वी काढली. दुर्बिणीच्या तपासणीची तारीख जवळ आली की ते कासावीस होतात. एवढं संशोधन चालतं, मग नुसत्या लघवीवरून का कळत नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मी डॉक्टर नाही. ३४ वर्षं प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी वाढवल्या, तपासल्या. उपचाराचं तुमचे डॉक्टरच बघतील. त्या आकड्यामागे काय असतं, ते मी सांगते.

थांबा. ते बरोबर सांगताहेत. पीएसए हे कर्करोगाने सोडलेलं विष नव्हे. ते एक प्रथिन आहे, आणि निरोगी प्रोस्टेटही (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) ते रोज बनवते. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. ग्रंथीची आतली घडी विस्कटली की ते रक्तात जास्त झिरपतं. घडी कर्करोगाने विस्कटते, तशी संसर्गानेही आणि उतारवयात ग्रंथी वाढल्यानेही. ४ ते १० आकडा असलेल्यांची बायॉप्सी केली, म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून तपासला, तर साधारण चौघांत एकाला कर्करोग निघतो. उलट बाजूही आहे. २००४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ४ किंवा त्याहून कमी आकडा असलेल्यांचीही बायॉप्सी केली होती. त्यांच्यातही शंभरात १५ जणांना कर्करोग सापडला. तेव्हा ४ ही काही लक्ष्मणरेषा नाही. एक मात्र विसरू नका : वडील प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी घेत असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सहा महिने-वर्षभरात ही औषधं पीएसए जवळपास निम्म्यावर आणतात, त्यामुळे आकडा फसवा ठरतो.

कर्करोग आहे का, हा एक प्रश्न. असला तर तो पुढे काय करणार, हा वेगळा. आमची सगळी झटापट या दुसऱ्या प्रश्नाशी.

माझ्याकडे इनक्युबेटरमध्ये वर्षानुवर्षं दोन फ्लास्क शेजारी-शेजारी असायचे. एकात एलएनकॅप पेशी : १९७७ साली अमेरिकेत बफेलोला, पन्नास वर्षांच्या एका रुग्णाच्या गळ्याजवळच्या लसिकाग्रंथीत पसरलेल्या गाठीतून घेतलेल्या. फार संथ वाढतात. तळाला इतक्या हलक्या चिकटतात, की मीडियम (पेशींना पोसणारं द्रव) बदलताना हात जरा जड पडला तर पापुद्र्यासारख्या सुटून तरंगायला लागतात. नवी मुलगी कामाला आली की पहिल्या आठवड्यात तिचा एक तरी फ्लास्क असा वाया जायचा. या पेशी पीएसए भरपूर बनवतात. शेजारच्या फ्लास्कात पीसी-३, दुसऱ्या एका रुग्णाच्या हाडात पसरलेल्या गाठीतल्या. पुरुषी हार्मोन मिळो न मिळो, वाढत राहतात, बारीक छिद्रांच्या पडद्यातून पलीकडे घुसतात. आणि पीएसए? बनवतच नाहीत. दोन्ही प्रोस्टेटच्याच. म्हणून आकडा शंभर-दोनशेवर गेला तर हयगय चालत नाही हे खरं, पण ६.८ वरून रोगाचा स्वभाव कुणी सांगू शकत नाही.

स्वभाव कळायला अजूनही काचपट्टीच लागते. डोनल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली पेशींच्या मांडणीवरून दर्जा ठरवायची पद्धत दिली; आजच्या बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘३+३=६’ असं लिहून येतं ते तेच. वडिलांचं तिथवर गेलंच आणि ६, म्हणजे सौम्य दर्जा, आलं, तर ऑपरेशनची घाई करू नका. नियमित लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे. ब्रिटनमधल्या १६४३ पुरुषांच्या अभ्यासाचे १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ साली आले. रोग ग्रंथीपुरताच असलेल्या या लोकांपैकी काहींचं ऑपरेशन झालं, काहींना रेडिएशन दिलं, काहींवर फक्त लक्ष ठेवलं. प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावले एकूण ४५, आणि तिन्ही गटांत प्रमाण जवळपास सारखंच.

आता मामा. मूत्राशयाच्या कर्करोगावर काम करणाऱ्यांना १९८२ हे साल पाठ असतं. रॉबर्ट वाइनबर्ग आणि मारियानो बार्बासिड यांच्या प्रयोगशाळांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतला एक बिघडलेला जनुक तपासला, आणि बिघाड निघाला डीएनएच्या एका अक्षराचा. हजारो अक्षरांत फक्त एक बदललेलं! तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता लघवीत असं अक्षर शोधलं की झालं. तसं झालं नाही, कारण हा रोग एक नाही. वरवर वाढणाऱ्या, पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या पण खोल न जाणाऱ्या गाठींत बहुधा एफजीएफआर-३ जनुक बिघडलेला असतो. स्नायूत घुसणाऱ्या उग्र गाठींत बरेचदा टीपी-५३. लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तर उग्र गाठीच्या पेशी चटकन ओळखू येतात, पण शांत गाठीच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात आणि निसटतात. प्रथिनं मोजणाऱ्या तपासण्या आहेत, त्या खडा किंवा संसर्ग असला तरी ‘आहे’ म्हणतात. म्हणून दुर्बीण सुटत नाही. मामांची भीती मात्र कमी करता येते. बधिर करणारी जेली लावल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा म्हणावं, लवचीक दुर्बीण आहे का विचारावं. गाठ कमी धोक्याची असेल आणि पहिली तपासणी स्वच्छ आली असेल, तर पुढच्या तारखांमधलं अंतर वाढवतात, तेही विचारा. आणि मामा विडी-सिगारेट ओढत असतील, तर आजच बंद. या रोगाचं सर्वांत मोठं कारण तेच आहे.

प्रश्न : यजमानांच्या गाठीचा उरलेला तुकडा आणि लघवी संशोधनासाठी द्यायची का, असा फॉर्म रुग्णालयाने दिलाय. सही करावी का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तपासणीला लागेल तेवढा तुकडा आधी बाजूला निघतो ना, नाव झाकलं जातं ना, संमती पुढे मागे घेता येते ना, ही तीन उत्तरं घ्या आणि सही करा. बफेलोच्या त्या रुग्णाचं नाव मला कधीच कळलं नाही. त्याच्या पेशींवर माझी अर्धी नोकरी झाली. आणि लघवीतल्या पेशी बघायच्या असतील, तर सकाळची पहिली लघवी देऊ नका. रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी फुगतात, फुटतात, काचपट्टीवर नुसता चिखल दिसतो. दुसऱ्या वेळची द्या, आणि लगेच पोचती करा.