स्वतः बसवता येईल असं दाराचं कुलूप कोणी डिझाइन का करत नाही?

नव्या दाराला मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत आत बसणारं कुलूप) बसवायला सुताराचा अर्धा दिवस गेला, वर कडही फुटली, आणि आता तुम्हाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ‘सहज बसणारं कुलूप’ करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी दाराच्या फिटिंग्ज बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो, म्हणून सरळ सांगतो: लिव्हर, पिना, किल्ली यांत डोकं घालू नका. कुलपासाठी दारात जे कोरावं लागतं, आधी त्याचा विचार करा. वेळ सगळा तिथेच जातो.

मॉर्टिस लॉकची पेटी दाराच्या कडेतून आत जाते, म्हणजे आयताकृती खाच हवी. 35 मिलिमीटर जाडीच्या पल्ल्यात 16 मिलिमीटरची खाच घेतली की दोन्ही अंगांना जेमतेम सेंटिमीटरभर लाकूड उरतं. सुतार आधी ड्रिलने एकाखाली एक भोकं पाडतो आणि मधलं लाकूड पटाशीने काढतो. पटाशी जरा तिरकी लागली की कड उललीच. मग कुलपाची दर्शनी पट्टी कडेच्या पातळीत बसवायला आणखी कोरकाम, हँडलच्या चौकोनी दांडीचं भोक, सिलिंडरचं (किल्ली जिथे घालतात त्या भागाचं) भोक, आणि चौकटीत पुन्हा खाच. पोकळ फ्लश डोअर असेल तर आत कुलपापुरताच भरीव ठोकळा असतो. तो चुकला की स्क्रूला धरायला काही नाही.

‘कोणी करत नाही’ हे मात्र बरोबर नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉल्टर श्लेगने 1920 च्या दशकातच हे करून दाखवलं. त्याने सगळी यंत्रणा हँडलच्या मागच्या गोल डब्यात आणली. त्या पद्धतीच्या कुलपाला आज दोनच भोकं लागतात, पल्ल्यात आरपार 54 मिलिमीटरचं आणि कडेतून 25 मिलिमीटरचं. भोक गोल झालं की ते ड्रिल आणि होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, होतं. पटाशी लागली तर कडेच्या छोट्या पट्टीपुरती. पुढे अमेरिकेत ही मापं इतकी रुळली की दारंच कारखान्यातून भोकं पाडून येऊ लागली. तिथला माणूस नुसत्या स्क्रूड्रायव्हरने कुलूप बदलतो, त्याचं निम्मं श्रेय दाराला आहे.

आपल्याकडे दार एकीकडून येतं, कुलूप दुसरीकडून, आणि दोघांची गाठ सुताराच्या हातात पडते. हँडल आणि सिलिंडर यांच्या केंद्रांतलं अंतर एका मॉडेलमध्ये 85 मिलिमीटर, दुसऱ्यात वेगळं. जुनं काढून नवं लावलं की जुनी भोकं उघडी पडतात. स्मार्ट लॉकचंही तेच. अमेरिकेत ऑगस्ट कंपनीचं स्मार्ट लॉक दाराला आधीच असलेल्या डेडबोल्टच्या (किल्लीने सरकणाऱ्या अडसराच्या) आतल्या बाजूवर चढतं. इथे बहुतेक मॉडेल्सना मोठी खाच लागते, म्हणून कंपनी फिटरच पाठवते.

इथल्यापुरतं सोप्यात सोपं म्हणाल तर जुनं नाइट लॅच. पेटी दाराच्या आतल्या अंगावर, सिलिंडरसाठी एक गोल भोक, बाकी स्क्रू. इंटिरियरवाले नाकं मुरडतात, पण बसवण्याच्या दृष्टीने त्याला तोड नाही.

प्रोजेक्टमध्ये माझा जोर दोन गोष्टींवर राहील. पहिली, टेम्प्लेट. डब्यातला घडी घातलेला कागद दाराच्या कडेवर सरळ बसत नाही. त्याऐवजी कडेला चापून बसणारा प्लास्टिकचा यू आकाराचा साचा द्या, म्हणजे दोन्ही बाजूंची खूण एकाच सरळ रेषेत येते. भोक पाडताना होल सॉचं मधलं टोक पलीकडे दिसलं की थांबायचं आणि उरलेलं त्या बाजूने पाडायचं, नाहीतर लॅमिनेटचे टवके उडतात. हे साच्यावरच छापा, माहितीपुस्तिका कोणी उघडत नाही.

दुसरी, हात. दार उभं असतं आणि बसवणाऱ्याला दोनच हात. बाहेरचं हँडल एका हाताने धरायचं, आतलं दुसऱ्याने, मग स्क्रू कोण फिरवणार? बहुतेक घरांत इथे बायकोला किंवा शेजाऱ्याला हाक जाते. बाहेरचा भाग भोकात ढकलला की खटकन अडकून स्वतःच टिकला पाहिजे. स्क्रू मात्र सगळे आतूनच. बसवायला सोपं करता करता बाहेरून काढायला सोपं झालं तर परीक्षक पहिल्या मिनिटाला पकडतील.

बाकी किरकोळ. लॅचची, म्हणजे चौकटीत अडकणाऱ्या जिभेच्या भागाची, लांबी दाराच्या कडेपासून मोठ्या भोकाच्या केंद्रापर्यंतच्या 60 आणि 70 मिलिमीटर, दोन्ही अंतरांना जुळणारी ठेवा. त्याचं तिरकं तोंड उलटवता आलं की डाव्या-उजव्या दाराचा प्रश्न मिटतो. लॅच ज्यात अडकतो त्या चौकटीवरच्या प्लेटला स्क्रूसाठी गोल भोकांऐवजी लांबट द्या, कारण पावसाळ्यात पल्ला फुगतो, बिजागऱ्या सैल होऊन खालीही उतरतो, आणि सहा महिन्यांपूर्वी नीट लागणारा लॅच प्लेटवर आपटायला लागतो.

आणि मॉडेल करण्याआधी तुमच्याच इमारतीतल्या चार-पाच घरांची दारं मोजा. मुख्य दार, बेडरूम, बाथरूमचं पीव्हीसीचं, जाडी प्रत्येकाची निराळी निघेल. त्यातली कुठली धरायची ते आधी ठरवा. लोखंडी सेफ्टी डोअर सरळ वगळा, तिथे काम वेल्डिंगवाल्याचं.