स्थळाला होकार दिला तर हे जाईल का?

प्रश्न : ताई, मी २८ वर्षांची, रत्नागिरीजवळच्या गावात राहते, लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझी एक मैत्रीण आहे, आणि आता ही नुसती मैत्री राहिलेली नाही हे आम्हा दोघींनाही माहितीये. पण मलाच माझी किळस येते. परवा मांडवीच्या जेटीवर तिने सहज हात धरला, समोरून कोणीतरी ओळखीचं येताना दिसलं आणि मी हात झटकला, वर तिलाच ओरडले. लॅबमध्ये अशा मुलींवर जोक झाले की सगळ्यात मोठ्याने मीच हसते. गणपतीत मुंबईची आत्या स्थळ घेऊन येणारे. होकार दिला तर हे सगळं जाईल ना?

उत्तर : नाही गं, नाही जाणार. लग्नाने मन बदलत नाही, उलट ज्याचा काही दोष नाही असा एक मुलगा तुझ्यासोबत अडकतो.

आता ती किळस. ती तुझी नाहीये. पडवीत, एसटीत, लग्नघरात लहानपणापासून जे कानावर पडलं तेच आता तुझ्या आवाजात बोलतंय, आणि तू प्रेमात पडायच्या कितीतरी आधी ते आत येऊन बसलंय. जेटीवरचंच बघ ना, समोरचा माणूस एक शब्द बोलला नव्हता, शिक्षा तूच ठरवलीस आणि ती भोगली तिने. आधी तिला सॉरी म्हण, आणि का झटकलास तेही सांग, तिलाही कदाचित असंच वाटत असेल. मग पुढच्या वेळी तो आवाज आला की स्वतःला विचार, हे मी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं? माणूस आठवला की जोर थोडा कमी होतो, एकदम नाही, हळूहळू. आणि जोकवर हसू नकोस. वाद घालायची गरज नाही, नुसतं हसायचं नाही.

"आपल्यात असलं नसतं" म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं की समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांचं संमतीचं नातं त्यातून बाहेर काढलं. लग्नाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालातही मिळाला नाही, आणि त्याचा मला खूप त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलंय, त्यामुळे घरचे भगताकडे नाहीतर "बरं करतो" म्हणणाऱ्या डॉक्टरकडे न्यायला लागले तर ठाम नाही म्हण. मद्रास हायकोर्टात केस चालू असताना २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले उपचार हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलंय.

घरी आत्ताच सांगायला हवं असं अजिबात नाही, गावात राहून ते किती अवघड आहे ते मला कळतं. आधी पगार स्वतःच्या खात्यात राहू दे, कागदपत्रं स्वतःजवळ ठेव. फारच घुसमट झाली तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुंबईत लेबिया हा बायकांचा गटही १९९५ पासून काम करतोय.

आणि आत्याला एवढंच सांग, "मला आत्ता लग्न करायचं नाही." कारण देऊ नकोस, कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते.