व्यापार करायचा असेल तर कॉलेजात असताना कुठे काम करावे?

तुम्ही फोंड्याला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहात, पुढे स्वतःचा व्यापार करण्याचा विचार आहे आणि आतापासून अर्धवेळ नोकरी केल्यास तिचा पुढे उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे. उपयोग निश्चित होतो. मात्र तो किती होईल हे तुम्ही त्या धंद्यात कुठे उभे राहता यावर ठरते. खरेदी, उधारी आणि गल्ला या तिन्ही गोष्टी जिथून दिसतात, अशीच जागा शोधा असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन.

गोव्यात विद्यार्थ्यांना सहज मिळणारी कामे म्हणजे लग्नाच्या हॉलवर वाढप्याचे, हॉटेलात पार्ट्यांच्या वेळचे किंवा मॉलमध्ये विक्रीचे. ही कामे हलकी आहेत असे मी मुळीच मानत नाही. वेळेवर पोहोचणे, चार-पाच तास उभे राहणे, रागावलेल्या पाहुण्याशी शांतपणे बोलणे या सवयी तिथे लागतात आणि हातात चार पैसेही येतात. परंतु एका ताटामागे केटररला काय सुटते, भाजी कोणत्या भावाने आली, यजमानाने आगाऊ किती दिले आणि बाकी कधी देणार, हे वाढप्याच्या कानावर कधीच येत नाही. ते लहान दुकानात कळते, मग तिथे पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल.

मी कॉलेजात असताना म्हापशाला एका घाऊक किराणा दुकानात संध्याकाळी बिले लिहीत असे. एप्रिल संपत आला असताना एक शॅकवाले, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर हंगामापुरते झोपडीवजा हॉटेल चालवणारे, नेहमीपेक्षा मोठी यादी घेऊन आले आणि सगळा माल उधारीवर मागू लागले. मालकांनी गोड बोलून नकार दिला. ते गेल्यावर मी कारण विचारले, तेव्हा मालकांनी एका जुन्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. शंभर रुपयांना घेतलेल्या मालावर आपल्याला सहा रुपये सुटतात. म्हणून शंभरांचा माल बुडाला, तर ते शंभर रुपये भरून काढायला तेवढाच माल आणखी सतरा वेळा विकावा लागतो, आणि ती सगळी मेहनत फक्त खड्डा बुजवण्यात जाते. शिवाय मे संपताना शॅक उतरवायचे असतात, त्यामुळे आता दिलेली उधारी एकदम ऑक्टोबरात परत मागावी लागणार, आणि कंपनीचे पैसे मात्र आपल्याला महिन्याच्या आत चुकते करायचे. मधल्या महिन्यांचे पैसे कोण घालणार? पुढे वर्गात खेळत्या भांडवलाचा धडा आला तेव्हा तो मला वेगळा समजून घ्यावा लागला नाही. आज माझ्या स्वतःच्या दुकानात कोणाला किती उधारी द्यायची हे ठरवताना मी हाच हिशेब करतो.

म्हणूनच पावसाळ्यात काम सोडू नका. पहिली जून ते एकतीस जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, शॅक उतरलेले असतात आणि किनारपट्टीवरची बरीच दुकाने अर्धी मिटलेली असतात. भाडे आणि पगार मात्र थांबत नाहीत. अशा वेळी मालक कोणता माल मागवणे बंद करतो, कोणाकडे वसुलीला स्वतः जातो आणि कोणाला फक्त फोन करतो, हे बारकाईने पाहावे. डिसेंबरात गिऱ्हाईक आपणहून येते, तेव्हा दुकानदाराची पारख होत नाही.

माझा एक मित्र डिचोलीला ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात कॉलेज सांभाळून काम करत होता. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या आणि काही आठवड्यांत त्या दुकानाचा काउंटर ओस पडला. मालकांनी हळूहळू दुचाकींचे भाग ठेवून दुकान कसे सावरले, हे त्याने आतून पाहिले. आता त्याचे स्वतःचे गॅरेज आहे आणि कोणत्याही एकाच कंपनीच्या गाड्यांवर ते चालणार नाही याची काळजी तो पहिल्या दिवसापासून घेत आला आहे.

या विषयावर बोलताना धीरूभाई अंबानींचे उदाहरण हमखास दिले जाते. ते तरुणपणी येमेनमधील एडनला ए. बेस अँड कंपनीत नोकरी करत होते आणि १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत व्यापार सुरू केला. पण एडनला नोकरी करून परतलेले आणि आयुष्यभर नोकरीच केलेले लोक असंख्य होते, त्यांची नावे कोणी घेत नाही. त्यामुळे लहान वयात नोकरी केली म्हणून माणूस उद्योगपती होतो, असा अर्थ त्यातून काढू नये. ती कंपनी व्यापारी होती आणि माल कुठून येतो, कुठे जातो हे तिथे रोज नजरेसमोर घडत होते, एवढेच मी त्या उदाहरणातून घेईन.

तुम्ही वाणिज्य शाखेचे आहात, म्हणून आणखी एक जागा सुचवतो: कर सल्लागाराचे ऑफिस. तिथे एकाच टेबलावर वीस धंद्यांची खाती दिसतात. पुरवठादाराने जीएसटीचे विवरणपत्र वेळेवर भरले नाही, तर त्याला आपण दिलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून मिळणारी वजावट, अडकते. जानेवारी २०२२ पासून हा नियम अधिक कडक झाला आहे. नवे दुकानदार यात हमखास पैसे अडकवून बसतात. फक्त तिथे गिऱ्हाईक समोर येत नाही, म्हणून माझी पहिली पसंती दुकानालाच राहील.

काम धरताना परीक्षेच्या काळात सुट्टी लागेल हे मालकांना आधीच सांगून ठेवा, कारण नापास होऊन मिळवलेला अनुभव फार महाग पडतो. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या पंधरवड्यात मात्र सुट्टी मागू नका. बाजारातील मोठी खरेदी तेव्हा होते, आणि मालक कोणता माल किती आणि केव्हा उचलतो हे शिकण्याची याहून चांगली संधी वर्षभरात मिळत नाही.