बडोद्यात एकटा राहतो, ताजी मासळी जमत नाही. डबाबंद सार्डिन खावेत का, आणि कसे?

तुमची अडचण मला समजली ती अशी: नोकरीसाठी रत्नागिरीहून बडोद्याला आलात, मासे साफ करायला ना वेळ ना जागा, आणि दुकानात दिसलेला सार्डिनचा डबा घ्यावा की नाही याचा निर्णय होत नाही. घ्या की. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्याच जातकुळीतला मासा, फक्त ताजी तारली मिळणार या आशेने उघडू नका, हिरमोड होईल. सुकट खाताना आपण ताज्या कोळंबीची आठवण काढत बसत नाही, तसंच हेही वेगळं खाणं आहे.

आमचं घराणं गायकवाडांच्या नोकरीत कोकणातून इथे आलं. बोलणं निम्मं गुजराती झालं, जीभ मात्र सुधारली नाही, त्यामुळे या विषयावर अधिकाराने बोलतो. संस्थानाकडे ओखा, कोडीनार, बिलिमोरा असा बऱ्यापैकी किनारा होता, पण राजधानी समुद्रापासून लांब ती लांबच. इथली मासळी आजही बर्फात बसून येते. पापलेट, सुरमईला तो प्रवास एक वेळ मानवतो. तारलीला मानवत नाही. अंगात तेल जास्त, त्यामुळे ती लवकर खवट होते आणि पोटाशी फुटते. म्हणून बडोद्यात बर्फातली तारली घेण्यापेक्षा बंदराजवळच्या कारखान्यात ताजेपणीच डब्यात गेलेली बरी, असं माझं सरळ मत आहे.

‘डबाबंद म्हणजे केमिकल’ असं कुणीतरी सांगेलच. डब्यावरचे घटक वाचून दाखवा: मासे, तेल, मीठ. पुष्कळ डब्यांत एवढंच असतं. डोकं आणि आतडी काढून मासे शिजवतात, डब्यात रचतात, तेल ओततात, झाकण हवाबंद करतात आणि मग तो बंद डबाच दाबाखालच्या वाफेत ११०-१२० अंशांपर्यंत तापवतात. टिकतो तो या उष्णतेमुळे. हवाबंद करून तापवण्याची युक्ती फ्रान्सच्या निकोला आपेरची. तिच्यासाठी १८१० साली त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. जंतूंचा उलगडा पाश्चरने केला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हणजे लोक कारण न कळताच डबे खात होते.

त्याच उष्णतेने काटेही मऊ होतात, आणि पौष्टिकपणाचा मोठा वाटा या काट्यांत आहे. नेहमीचा डबा १२०-१२५ ग्रॅमचा, तेल निथळल्यावर मासे साधारण ९० ग्रॅम. त्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं आणि काट्यांसकट खाल्लं तर ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. बी-१२ तर दिवसाच्या गरजेच्या दुप्पट-तिप्पट भरतं. ड जीवनसत्त्व थोडं, ओमेगा-३ एक ग्रॅमच्या आसपास. पाऱ्याची भीती मोठ्या शिकारी माशांत जास्त असते. सार्डिन प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर जगणारा, अल्पायुषी मासा, त्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर बायकांसाठी केलेल्या उत्तम माशांच्या यादीतही तो आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळा. मीठ बरंच असतं, तेव्हा रक्तदाब असेल तर लेबलवरचं सोडियम बघा. आणि युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ते वाढवणारं प्युरीन यात भरपूर.

आता खायचे कसे. आपल्याकडची पहिली उडी रश्श्यावर जाते: कोकम, तिरफळ, ओलं खोबरं. नका करू. मासा आधीच दोनदा शिजलेला आहे, तिसऱ्यांदा उकळलात की पातेल्यात नुसता भुगा उरतो आणि चांगल्या रश्श्याचीही वाट लागते. थंडच खा. कडी धरून झाकण हळू ओढा, शेवटच्या टप्प्याला तेल हमखास उडतं आणि शर्टाला लागलं की वास दोन धुण्यांत जात नाही. मासा ताटलीत काढून पाठीवर काट्याचमच्याने हलकेच दाबा, दोन फाका सुटतात आणि मध्ये पांढरा मणका दिसतो. बोटांत चिरडून बघा, खडूसारखा चुरा होतो. पहिल्या वेळी मनाला पटत नसेल तर काढून टाका, पण कॅल्शियम त्याच्याबरोबर गेलं.

बडोद्यात राहून याला जोडीला काय घ्यावं, तर गुजराती कडक भाखरी, ती पाकिटातली बिस्किटासारखी. युरोपात लोक टोस्टवर खातात, पण पाव तेल पितो आणि लोळागोळा होतो. भाखरी शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहते. वर बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि भरपूर लिंबू. लिंबात कंजूषी केलीत तर तोंडात नुसता तेलकटपणा राहील. रात्री उशिरा आलात तर गरम भातावर डब्यातलंच दोन चमचे तेल, मासा कुस्करून, मिरपूड. तेल टाकून देऊ नका, माशाचं थोडं ओमेगा-३ त्यात उतरलेलं असतं. पाव खायचाच तर हातगाडीवरच्या सेव-उसळीला ठेवा.

खरेदीचं थोडक्यात. नुसतं खायला ऑलिव्ह तेलातले घ्या. मोरोक्को, पोर्तुगालचे बरे असतात, महाग पडतात. केरळात आपल्याच तारलीचे डबे होतात. ते मिळाले तर जरूर, चव आपल्या ओळखीची. टोमॅटो सॉसमधले मला गोडसर लागतात, आणि गोड आमटीचा पुरवठा या शहरात आधीच पुरेसा आहे. फुगलेला, शिवणीवर चेपलेला किंवा गळणारा डबा फुकट मिळाला तरी घेऊ नका. उघडल्यावर उरलं तर काचेच्या डबीत काढून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये गोठून पांढरे कण दिसतील. ते खराब झालेलं नसतं, बाहेर ठेवलं की पुन्हा पातळ होतं.

राहिला प्रश्न घरमालकांचा. तुम्ही लिहिलंय की ते शाकाहारी आहेत आणि ‘घरात शिजवू नका’ एवढंच म्हणालेत. शिजवायचं तर नाहीच आहे, पण शब्दाची अशी फोड करून चोरून खाण्यापेक्षा एकदा विचारून घ्या. ‘काका, बंद डबा आणला तर चालेल का?’ एवढं पुरतं. अशा सरळ प्रश्नाला इथे बहुतेक ‘चालसे’ असंच उत्तर मिळतं. नाहीच म्हणाले तर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत खा. आणि घरी खाल्लंत तर रिकामा डबा साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. नाहीतर गल्लीतल्या सगळ्या मांजरी पहाटे तुमच्याच दारात जमतील आणि काकांना वेगळं सांगायची गरज उरणार नाही.